हवेला शिस्त लावणारा अभियंता : विलिस कॅरिअर

प्रास्ताविक

पावसाळ्यात डब्यातले पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटते आणि लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसते. हिवाळ्यात ओठ फुटतात, हातापायांची त्वचा कोरडी पडते. या सर्व बदलांमागे हवेतील पाण्याची वाफ असते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण तिचे प्रमाण वाढले किंवा घटले, की माणसाला, धान्याला, कागदाला आणि कापसाला ते लगेच जाणवते.

आज मोठी रुग्णालये, कार्यालये, चित्रपटगृहे आणि विमानतळ यांतील हवा यंत्राच्या साहाय्याने गाळली जाते, थंड किंवा उबदार केली जाते आणि तिच्यातील ओलावा योग्य प्रमाणात राखला जातो. हे काम करणाऱ्या संचाला एअर हँडलिंग युनिट म्हणतात. इमारतीच्या गच्चीवर, तळघरात किंवा एखाद्या बंद खोलीत असलेली ही मोठी पेटी इमारतीत वावरणाऱ्या बहुतेकांच्या नजरेस कधीच पडत नाही. ती चालविणारा कर्मचारीही सहसा कोणाला दिसत नाही. या यंत्रणेमागील शास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्या विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याचे चरित्र प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

शेतावरचे बालपण

विलिस हॅविलँड कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, अँगोला नावाच्या लहानशा गावाजवळ झाला. ईरी सरोवराच्या काठचा हा प्रदेश शेतीचा. तेथील हिवाळा अतिशय कडक असतो. विलिस हा आईवडिलांचा एकुलता एक मुलगा होता. घरात खेळायला भावंडे नसल्यामुळे तो मोठ्या माणसांतच वाढला आणि स्वतःशीच खेळ शोधून काढण्याची सवय त्याला लागली.

विलिसची आई एलिझाबेथ हिला यंत्रांची विलक्षण जाण होती. घरातील घड्याळ बंद पडले किंवा शिवणयंत्र अडले, तर ती ते स्वतः उघडून दुरुस्त करीत असे. विलिसला लहानपणी अपूर्णांकांचे गणित काही केल्या समजत नव्हते. आईने त्याला तळघरातून सफरचंदे आणायला सांगितली. तिने त्यांचे अर्धे, पाव आणि अष्टमांश तुकडे केले आणि ते तुकडे एकत्र व वेगळे करीत त्याच्याकडून बेरजा-वजाबाक्या करून घेतल्या. पाटीवरचे आकडे म्हणजे हाताने उचलता येणाऱ्या वस्तूंची मापे आहेत, हे त्या दिवशी त्याला कळले. कोणताही कठीण प्रश्न लहान तुकड्यांत विभागून सोडवायचा, हा धडा त्याने आयुष्यभर जपला.

विलिस अकरा वर्षांचा असताना त्याची आई निवर्तली. शाळेपूर्वी आणि शाळेनंतर गाईंचे दूध काढणे व शेतावरची इतर कामे करणे हा त्याचा नित्यक्रम होता. पुढे अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. शेतकऱ्यांचे हाल झाले आणि विलिसचे महाविद्यालयात जाण्याचे स्वप्न लांबणीवर पडले. त्याने काही वर्षे शाळेत शिकविण्याचे काम केले; परंतु शिकण्याची जिद्द सोडली नाही. बफेलो शहरात जाऊन त्याने आपले शालेय शिक्षण अधिक पक्के केले आणि कॉर्नेल विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळविली.

शिष्यवृत्तीमुळे शिक्षणाची सोय झाली, तरी पोटापाण्याची चिंता होतीच. विलिस लोकांच्या अंगणातील गवत कापीत असे, घरे उबदार ठेवणाऱ्या भट्ट्यांची निगा राखीत असे. विद्यार्थ्यांचे कपडे धुलाईसाठी गोळा करण्याचा छोटा व्यवसायही त्याने चालविला. अशा रीतीने कष्ट करीत १९०१ साली त्याने अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्या वेळी त्याचे वय २४ वर्षांचे होते.

कागदाची तक्रार

पदवी मिळताच कॅरिअर बफेलो फोर्ज या कंपनीत रुजू झाले. आठवड्याला दहा डॉलर हा त्यांचा पगार होता. ही कंपनी पंखे आणि हवा तापविण्याची उपकरणे तयार करीत असे. लाकूड वाळविण्यासाठी, कॉफीच्या बिया सुकविण्यासाठी अशी उपकरणे लागत. कामाला लागल्यावर कॅरिअर यांच्या लक्षात आले, की किती हवा किती नळ्यांवरून नेली म्हणजे ती किती तापेल, याची खात्रीशीर मापे कोणाजवळच नाहीत. अभियंते अंदाजाने आराखडे करीत आणि चूक होऊ नये म्हणून उपकरणे गरजेपेक्षा मोठी बांधीत. कॅरिअर यांनी स्वतः प्रयोग करून ही मापे तयार केली. त्यामुळे कंपनीचा खर्च वाचला आणि प्रयोगांसाठी स्वतंत्र विभाग उभारण्याची परवानगी त्यांना मिळाली.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट अँड विल्हेल्म्स या छापखान्याची अडचण त्यांच्यापुढे आली. या छापखान्यात रंगीत चित्रे छापली जात. त्या काळी प्रत्येक रंग स्वतंत्रपणे छापावा लागे. एकच कागद यंत्रातून अनेक वेळा जात असे आणि प्रत्येक रंग अगदी आपल्या जागी बसणे आवश्यक होते. परंतु उन्हाळ्यात हवेतील ओलावा वाढला, की कागद तो शोषून घेई व किंचित फुगे. हवा कोरडी झाली, की तोच कागद आक्रसे. परिणामी दुसरा रंग पहिल्याच्या शेजारी सरकून चित्र बिघडत असे. शाई वाळण्यासही अडथळा येई. कागद वाया जाई, वेळ वाया जाई आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडे.

येथे मागणी थंडाव्याची नव्हती. हवेतील ओलाव्याचे प्रमाण वर्षभर सारखे राहावे, अशी होती. कॅरिअर यांनी प्रयोग केले, हवामान खात्याची कोष्टके अभ्यासली आणि आराखडा तयार केला. या आराखड्यावर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. आधुनिक वातानुकूलनाचा जन्मदिवस म्हणून ती ओळखली जाते. हिवाळ्यात सुमारे २१ अंश सेल्सिअस आणि उन्हाळ्यात सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमान व वर्षभर ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखणे हे या आराखड्याचे उद्दिष्ट होते. पंख्याने ओढलेली हवा थंड नळ्यांच्या जाळ्यांवरून नेली जाई. एका जाळ्यात विहिरीचे गार पाणी खेळत असे, तर दुसरे जाळे अमोनियावर चालणाऱ्या शीतयंत्राला जोडलेले होते. हवा कोरडी असेल, तेव्हा छिद्रे पाडलेल्या नळ्यांतून वाफ सोडून तिच्यात ओलावा मिसळण्याची सोय होती. या यंत्रणेची थंड करण्याची शक्ती दिवसाला सुमारे ४९,००० किलो बर्फ वितळण्याइतकी होती.

अशा रीतीने यंत्राने नियंत्रित केलेली हवा प्रथम मिळाली, ती कागदाला. छापखान्यात राबणाऱ्या माणसांना तिचा लाभ झाला असेल, तर तो ओघाने झाला.

धुक्याने शिकविलेला धडा

छापखान्यातील यंत्रणेने काम केले, तरी कॅरिअर यांचे समाधान झाले नाही. तिच्यात सुधारणेला पुष्कळ वाव होता. त्याच वर्षाच्या अखेरीस एका संध्याकाळी ते पिट्सबर्ग येथील रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहत उभे होते. सगळीकडे दाट धुके पसरले होते. त्या धुक्याकडे पाहता पाहता त्यांच्या मनात एक विचार आला. धुके म्हणजे ओलाव्याने पूर्ण भरलेली हवा. तरीही ही हवा थंड असल्यामुळे तिच्यात प्रत्यक्ष पाणी थोडेच आहे. अशी पूर्ण भरलेली हवा हव्या त्या तापमानाला तयार करता आली, तर तिच्यातील ओलावाही हवा तेवढाच राखता येईल.

हा विचार समजण्यासाठी घरातील एक अनुभव उपयोगी पडेल. उन्हाळ्यात बर्फासारखे गार पाणी तांब्यात ओतून ठेवले, की तांब्याच्या बाहेरच्या बाजूला घाम सुटल्यासारखे थेंब जमतात. हे पाणी तांब्यातून झिरपलेले नसते. तांब्याला लागून असलेली हवा थंड होते आणि तिच्यात न मावणारी वाफ थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. उष्ण हवेत वाफ जास्त मावते, थंड हवेत कमी. ज्या तापमानाला हवेतील वाफेचे थेंब होऊ लागतात, त्याला दवबिंदू म्हणतात.

समजा, हवा १३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली. तिच्यातील जादा वाफ पाणी होऊन गळून गेली आणि त्या तापमानाला मावेल तेवढाच ओलावा शिल्लक राहिला. आता हीच हवा २४ अंशांपर्यंत तापली, तर तिची वाफ सामावून घेण्याची शक्ती जवळजवळ दुप्पट होते. पण ओलावा तेवढाच असल्यामुळे सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांवर येते. म्हणजेच हवा आधी किती थंड करायची हे ठरविले, की शेवटी ती किती कोरडी होईल हेही ठरते.

याच तत्त्वावर कॅरिअर यांनी नवे उपकरण बांधले. त्यात हवा पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून नेली जात असे. पाण्याने हवा कोरडी करण्याची ही कल्पना पुष्कळांना वेडगळ वाटली. परंतु फवाऱ्याचे पाणी पुरेसे थंड असेल, तर हवेतील वाफ त्या थेंबांवरच जमते आणि हवेतील ओलावा घटतो, हे त्यांनी सिद्ध केले. शिवाय पाण्याने हवेतील धूळही धुतली जात असे. फवाऱ्याचे पाणी हवेबरोबर पुढे जाऊ नये म्हणून वाकड्यातिकड्या पत्र्यांची ओळ बसविलेली होती. या उपकरणाचे एकस्व, म्हणजे पेटंट, त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले. त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर या वस्त्रोद्योगातील अभियंत्याने अशा कामासाठी 'एअर कंडिशनिंग' हा शब्द प्रचारात आणला. मराठीत त्यासाठी वातानुकूलन हा शब्द रूढ झाला.

सूतगिरण्यांना या शोधाची मोठी गरज होती. हवा कोरडी असली, की सूत ठिसूळ होऊन तुटते. चात्यांच्या फिरण्याने गिरणीत उष्णता वाढते आणि हवा आणखी कोरडी होते. १९०६ साली कॅरिअर यांची यंत्रणा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका सूतगिरणीत बसली आणि १९०७ साली जपानमधील योकोहामा येथील रेशीम गिरणीसाठी परदेशातली पहिली मागणी आली. कागद, सूत, रेशीम, तंबाखू, चित्रफिती अशा अनेक मालांसाठी यंत्रणेला मागणी येत गेली. गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या सोईचा विचार अजून कोणी मागणीपत्रात लिहीत नव्हते.

अपयशाशी सामना

कॅरिअर यांची वाटचाल नेहमी सुरळीत झाली, असे नाही. बफेलो फोर्जमध्ये असताना त्यांना मिसुरी राज्यातील क्रिस्टल सिटी येथे काचेच्या एका कारखान्यात वायू शुद्ध करणारे उपकरण बसवावयाचे होते. पद्धत नवी होती. उपकरण चालले, परंतु कंपनीने जी हमी दिली होती, ती पुरी होईना. कॅरिअर यांच्या पोटात गोळा आला. रात्र रात्र झोप लागेना.

अखेर त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला. या कामात वाईटात वाईट काय घडू शकेल? उपकरण काढून टाकावे लागेल आणि कंपनीचे २०,००० डॉलर बुडतील. कदाचित नोकरीही जाईल. पण दुसरी मिळू शकेल. हे नुकसान सोसावे लागले तर सोसायचे, असे त्यांनी मनाशी पक्के ठरविले. तसे ठरविताच मन शांत झाले. मग ते नुकसान कमी कसे करता येईल, याचा ते थंड डोक्याने विचार करू लागले. पुन्हा चाचण्या घेतल्यावर ध्यानात आले, की आणखी ५,००० डॉलर खर्च करून काही जादा उपकरणे बसविली, तर काम यशस्वी होईल. तसे केल्यावर कंपनीला तोटा होण्याऐवजी १५,००० डॉलरची प्राप्ती झाली. प्रसिद्ध लेखक डेल कार्नेगी यांनी काळजीवर मात कशी करावी, हे सांगणाऱ्या १९४८ सालच्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग दिला आहे. यंत्र बिघडले असता घाबरून चार बटणे दाबण्यापेक्षा आधी शांतपणे मापे पाहावीत, ही शिकवण प्रत्येक कारागिराच्या उपयोगाची आहे.

हवेचे गणित आणि नवी कंपनी

डिसेंबर १९११ मध्ये कॅरिअर यांनी अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपला शोधनिबंध सादर केला. हवेचे तापमान, तिच्यातील ओलावा, दवबिंदू आणि तिच्यातील उष्णता यांचा परस्परसंबंध त्यांनी सूत्रांत बांधला आणि तो आलेखावर दाखविला. यापूर्वी अनुभवाने व अंदाजाने होणारे काम आता हिशेबाने होऊ लागले. त्या आलेखाची सुधारित रूपे जगभरचे वातानुकूलन अभियंते अद्याप वापरतात.

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध सुरू झाले. बफेलो फोर्जने अभियांत्रिकी सेवेचे काम आवरते घेऊन फक्त उत्पादनावर लक्ष द्यायचे ठरविले. कॅरिअर आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे मोठाच पेच उभा राहिला. तेव्हा अर्विन लायल या सहकाऱ्याच्या पुढाकाराने सात अभियंते एकत्र आले. त्यांनी सुमारे ३२,६०० डॉलरचे भांडवल जमवून १९१५ साली कॅरिअर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली.

माणसांसाठी थंड हवा

माणसांची गर्दी होते अशा ठिकाणी शीतयंत्र बसविण्यात एक मोठी अडचण होती. त्या काळच्या यंत्रांत अमोनिया वापरीत. अमोनिया विषारी असतो आणि तो गळला, तर डोळे व श्वसनमार्ग यांना अपाय होतो. कारखान्यात ही जोखीम पत्करली जाई. परंतु दाराशी गर्दी झालेल्या बंद नाट्यगृहात ती जीवघेणी ठरली असती. शिवाय जुनी यंत्रे अवजड होती. कॅरिअर यांनी वेगाने फिरणाऱ्या चक्राच्या साहाय्याने चालणारे नवे शीतयंत्र तयार केले आणि त्यात अमोनियाऐवजी कमी धोक्याचा द्रव वापरला. १९२२ साली हे यंत्र लोकांसमोर आले. ते आकाराने लहान होते आणि त्यात बिघडणारे भागही कमी होते.

१९२४ साली डेट्रॉईट येथील हडसन या मोठ्या दुकानात अशी तीन यंत्रे बसली. दुकानाच्या तळघरात स्वस्त विक्रीच्या दिवशी इतकी गर्दी व उकाडा होत असे, की गिऱ्हाइकांना भोवळ येई. यंत्रे बसल्यावर हा त्रास थांबला. यानंतरची कसोटी न्यूयॉर्कमधील रिव्होली या चित्रपटगृहात झाली. १९२५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस तेथील यंत्रणा सुरू व्हावयाची होती. उन्हाळ्यात चित्रपटगृहे ओस पडत, म्हणून मालकांचे या प्रयोगाकडे लक्ष लागले होते. चित्रपट व्यवसायातील मातब्बर अडॉल्फ झुकोर स्वतः सज्जात येऊन बसले होते.

त्या दिवशी यंत्रणा सुरू व्हायला उशीर झाला. दारे उघडली, प्रेक्षक आत शिरले आणि गर्दीच्या अंगच्या उष्णतेने हवा अधिकच तापली. सवयीप्रमाणे प्रेक्षकांनी हातपंखे आणले होते. ते एकसारखे हलत होते आणि कॅरिअर मागे उभे राहून अस्वस्थपणे पाहत होते. यंत्रणेचा परिणाम हळूहळू जाणवू लागला. एकेक पंखा मांडीवर विसावला. काही वेळाने सवयीने वारा घेणारे मोजकेच लोक उरले आणि शेवटी त्यांचेही हात थांबले. १९०२ साली कागदासाठी सुरू झालेले काम अशा रीतीने २३ वर्षांनी सर्वसामान्य माणसापर्यंत पोहोचले.

त्यानंतर वातानुकूलनाचा प्रसार वेगाने झाला. १९२८ व १९२९ या वर्षांत अमेरिकेच्या संसदेची दोन्ही सभागृहे वातानुकूलित झाली. भारतातही ही लाट येऊन पोहोचली. १९३३ साली मुंबईच्या कुलाबा भागात सुरू झालेले रीगल हे देशातील सुरुवातीच्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी एक होय.

आजचे यंत्र आणि ते चालविणारा माणूस

आजच्या एअर हँडलिंग युनिटमध्ये पाण्याचे फवारे सहसा दिसत नाहीत. परंतु त्यामागील विचार कॅरिअर यांचाच आहे. बाहेरची ताजी हवा आणि खोल्यांतून परत आलेली हवा यांचे मिश्रण झडपांमधून आत येते. या झडपांना डॅम्पर म्हणतात. पुढे फिल्टरमध्ये हवेतील धूळ अडते. त्यानंतर हवा कॉइलवरून, म्हणजे पाणी खेळविणाऱ्या नळ्यांच्या जाळीवरून जाते. या नळ्यांत सुमारे ७ अंशांचे गार पाणी शिरते आणि हवेची उष्णता घेऊन सुमारे १२ अंशांचे होऊन परत जाते. हवेतील ओलावा थेंबांच्या रूपाने खालच्या ट्रेमध्ये पडतो व निचऱ्याच्या नळीने बाहेर जातो. अखेर पंखा ही हवा डक्टमधून खोल्यांत पोहोचवितो. काश्मीर किंवा हिमाचल प्रदेश यांसारख्या थंड प्रदेशांत गरम पाण्याची कॉइल हवा उबदार करते. तापविलेली हवा फार कोरडी होत असल्याने तेथे ओलावा मिसळण्याचीही सोय करावी लागते.

यंत्रणा चालविणाऱ्या कर्मचाऱ्याची कामेही याच क्रमाने ठरतात. सुरू करण्यापूर्वी तो फिल्टर, पट्टा आणि निचऱ्याची नळी तपासतो. आधी पंखा सुरू करतो आणि मग गार पाण्याची झडप उघडतो. बंद करताना प्रथम पाणी थांबवितो, नंतर पंखा. पंखा बंद असताना गार पाणी खेळत राहिले, तर पेटीला आतबाहेर पाणी सुटते व पत्रा गंजतो. पेटीचे दार उघडण्यापूर्वी तो विजेचे मुख्य बटण बंद करून त्याला कुलूप व सूचनेची पाटी लावतो. कारण फिरत्या पंख्याला दया नसते.

उकडते अशी तक्रार आली, की नवखा कर्मचारी तापमान आणखी खाली आणतो. जाणता कर्मचारी आधी मापे पाहतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक वाढला असेल, तर फिल्टर धुळीने भरला आहे. तापमान योग्य असूनही आर्द्रता जास्त असेल, तर कॉइलला पुरेसे गार पाणी मिळत आहे का, हे तो तपासतो. ट्रेमध्ये पाणी साचू देत नाही. कारण साचलेल्या पाण्यात रोगजंतू वाढतात. वीज वाचविण्यासाठी ताज्या हवेची झडप पूर्ण बंद ठेवण्याचा मोह होतो. तसे केल्यास खोलीतील माणसांना जडपणा व थकवा येतो. बंद जागेत ताजी हवा किती आवश्यक आहे, हे २०२० सालच्या कोरोना महासाथीने साऱ्या जगाला नव्याने शिकविले. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात तर या यंत्रणेतील हयगय रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

अखेरची वर्षे

१९३० साली कॅरिअर यांची कंपनी आणखी दोन कंपन्यांशी एकत्र होऊन कॅरिअर कॉर्पोरेशन अस्तित्वात आली. जागतिक मंदीचा तडाखा तिलाही बसला. परंतु कंपनी तगली. १९३७ साली तिचा कारभार न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे हलला. १९३९ साली कॅरिअर यांनी उंच इमारतींसाठी नवी पद्धत शोधली. तिच्यात हवा लहान नळ्यांतून वेगाने नेली जात असल्याने मोठ्या डक्टना लागणारी जागा वाचत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांची इंजिने तपासण्यासाठी क्लीव्हलँड येथे एक प्रचंड वायुबोगदा उभारण्यात आला. आकाशात खूप उंचावर असते तशी अतिथंड हवा त्यात निर्माण करावयाची होती. हे अवघड काम कॅरिअर यांच्या मार्गदर्शनाने पार पडले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७३ वर्षांचे होते.

कॅरिअर यांच्या मागे त्यांचे काम वाढत गेले आणि त्याची किंमतही पुढे आली. शीतयंत्रांत वापरल्या गेलेल्या काही वायूंमुळे पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराची हानी होते, हे नंतरच्या काळात उघड झाले. १९८७ सालच्या माँट्रियल कराराने त्या वायूंवर बंधने आली. त्यांच्या जागी आलेले काही वायू वातावरण तापवितात, म्हणून २०१६ साली किगाली येथे तेही कमी करण्याचे ठरले. थंडावा निर्माण करण्यासाठी वीज लागते आणि खोलीतून काढलेली उष्णता बाहेरच्या हवेतच सोडली जाते. आत थंड हवेत बसलेल्यांची उष्णता बाहेर उन्हात काम करणाऱ्यांच्या वाट्याला येते. या प्रश्नाचा विचार करून भारत सरकारने २०१९ साली शीतकरणाविषयीचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. वीज कमी लागावी, अपायकारक वायू कमी व्हावेत आणि ही यंत्रे हाताळणाऱ्या तंत्रज्ञांना योग्य प्रशिक्षण मिळावे, यांवर त्यात भर दिला आहे.

समारोप

अपूर्णांकांना अडखळणारा एक शेतकऱ्याचा मुलगा आईने कापलेल्या सफरचंदांवरून गणित शिकला आणि पुढे त्याने अदृश्य हवेचे गणित मांडले. कॅरिअर यांनी हवा केवळ थंड केली नाही. तिची उष्णता, ओलावा, स्वच्छता आणि गती ही चारही अंगे एकत्र पाहायला शिकविले. यंत्रणा कितीही आधुनिक असली, तरी तिचे मोजमाप रोज वाचणारा, फिल्टर वेळेवर बदलणारा आणि ताज्या हवेची झडप उघडी आहे ना हे पाहणारा माणूस तिच्यापाशी लागतोच. त्याने आपले काम चोख केले, तर हजारो माणसे निर्धास्तपणे श्वास घेतात आणि त्यांना त्याची आठवणही येत नाही. मोजल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही आणि अडचण आली असता धीर सोडायचा नाही, हा कॅरिअर यांच्या जीवनाचा धडा अशा प्रत्येक कर्मचाऱ्याला सोबत करणारा आहे.